उपनगरातील ऑफिसांचा बाजार : जागा घेण्यापूर्वी हिशेब मांडा

गेल्या काही वर्षांपासून आपल्या व्यापारी बांधवांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "बाजारातली गर्दी वाढली, गाडी लावायला जागा नाही, मुले शिकून आली आहेत, त्यांना जुन्या पेढीवर बसायला आवडत नाही. तेव्हा अंधेरी, मालाड किंवा वाशीकडे एखादे ऑफिस घ्यावे काय?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर घाईने देऊन अनेकांनी वर्षानुवर्षांची पुंजी अडकवली आहे. त्यात प्रस्तुत लेखकही आहे. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन, हिशेबासह मांडण्याचा विचार आहे. येथे मुंबई व तिच्या उपनगरांचेच उदाहरण घेतले आहे, कारण आपल्या बहुतेक वाचकांचा व्यवहार याच बाजाराशी येतो.

ऑफिसे उपनगरांकडे का गेली?

एक काळ असा होता की मोठे ऑफिस म्हणजे फोर्ट किंवा नरिमन पॉइंट. १९९५ च्या सुमारास नरिमन पॉइंटची भाडी जगातील सर्वांत महागड्या भाड्यांमध्ये गणली जात होती. जागा मोजकी, इमारती जुन्या, आणि नोकरमाणसे मात्र बोरिवली, ठाणे, कल्याणहून येणारी. हा बोजा कंपन्यांना परवडेनासा झाला.

वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन एमएमआरडीएकडे १९७७ सालीच आले होते. तेथे राष्ट्रीय शेअर बाजार, बँका व हिरे बाजार आले आणि व्यापाराचा मध्य उत्तरेकडे सरकला. दुसरीकडे १९८२ च्या गिरणी संपानंतर शहरातील कारखानदारी उतरणीला लागली. पुढे अंधेरी, साकीनाका, मरोळ, विक्रोळी या भागांतही कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या. माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारतींना सरकारने ज्यादा एफएसआय दिला, त्यातून मालाड, पवई, ऐरोली येथे मोठी ऑफिस संकुले झाली.

त्यानंतर मेट्रो आली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग जून २०१४ मध्ये सुरू झाला. दहिसर-अंधेरी पट्ट्यातील दोन मार्ग २०२२ आणि २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने खुले झाले. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात पूर्ण झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रस्ता किंवा मेट्रो सुरू होईपर्यंत जागेचा भाव थांबत नाही. तो घोषणेच्या वेळी एकदा वाढतो, काम दिसू लागले की दुसऱ्यांदा वाढतो. उद्घाटनाची बातमी वाचून जागा घ्यायला जाणारा बहुधा वाढलेलाच भाव मोजतो.

एका बाजारात दोन बाजार

वर्तमानपत्रात बातमी येते की ऑफिसांची मागणी वाढली, भाडी चढली. आणि अंधेरी-कुर्ला रस्त्याने जावे तर अनेक इमारतींवर "जागा भाड्याने देणे आहे" असे फलक लागलेले. यातले खरे काय? दोन्ही खरे आहे.

मोठ्या कंपन्यांना एकाच मालकाची, नवी, पन्नास हजार-लाख फुटांची सलग जागा लागते. लिफ्ट, जनरेटर, अग्निशमन, पार्किंग सर्व व्यवस्थित पाहिजे. अशा जागा थोड्या व मागणी मोठी, म्हणून त्यांचे भाडे चढते. बातमी येते ती यांची.

दुसऱ्या प्रकारच्या इमारतीत बिल्डरने पाचशे-हजार फुटांची ऑफिसे वेगवेगळ्या लोकांना विकलेली असतात. ऐंशी ऑफिसांचे सत्तर मालक. कोणी देखभालीचे पैसे देतो, कोणी थकवतो, लिफ्ट बंद पडली की महिनाभर तशीच. मोठी कंपनी येथे येत नाही. हे सर्व मालक त्याच छोट्या भाडेकरूच्या मागे असतात, म्हणजे एकमेकांशीच स्पर्धा करतात. आपल्यासारखा व्यापारी याच दुसऱ्या बाजारात जागा शोधत असतो. दलाल मात्र त्याला पहिल्या बाजाराची बातमी दाखवून भाव सांगतो. तेव्हा घासाघीस करताना पहिली चौकशी ही करावी की या इमारतीत किती ऑफिसे बंद आहेत व किती महिन्यांपासून. वॉचमन आणि खालचा चहावाला ही माहिती दलालापेक्षा खरी देतात.

पेढी एकटी हलत नाही

व्यापाराची जागा बदलण्याच्या बाबतीत इतिहासातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईचे हिरे व्यापारी ऑपेरा हाऊसच्या जुन्या इमारतींत होते. वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाला. सुमारे अडीच हजार ऑफिसे, बँका, लॉकर, कस्टमची कचेरी सर्व एका आवारात. तरीही लोक एका दिवसात गेले नाहीत, हळूहळू गेले. पण गेले ते सर्व मिळून, म्हणून बाजार टिकला. वाशीच्या घाऊक बाजाराचेही तसेच. धान्य, मसाले, फळे, भाजी यांचे व्यापारी कुरकुरत गेले, परंतु संपूर्ण बाजारच हलल्यामुळे गिऱ्हाईकही त्यांच्या मागे गेले.

याच्या उलट सुरतचा हिरे बाजार पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. साडेचार हजारांहून अधिक ऑफिसांची ती इमारत जगातील सर्वांत मोठ्या ऑफिस इमारतींत मोजली जाते. पण उद्घाटनानंतर बराच काळ बहुतेक ऑफिसे बंदच राहिली, कारण खरेदीदार मुंबईत बसलेले होते. इमारत बांधता येते, बाजार बांधता येत नाही.

कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतःला हेच विचारावे. मंगलदास मार्केट किंवा मुळजी जेठा मार्केटमध्ये येणारा परगावचा व्यापारी एका फेरीत दहा पेढ्या पाहतो. तो ताका हातात घेऊन पाहणार, शेजारी भाव विचारणार, मग सौदा करणार. त्यातली एक पेढी मालाडला गेली तर तिच्यासाठी तो वेगळी लोकल पकडेल काय? मात्र ज्याचा माल फोनवर नमुना पाठवून विकला जातो, ज्याचे गिऱ्हाईक गारमेंट कंपन्या किंवा निर्यातदार आहेत, त्याला उपनगरात बसणे फायद्याचे असू शकते. म्हणजे आधी गिऱ्हाईक कोठे आहे ते पाहावे, मग जागा पाहावी.

फुटाचा खरा हिशेब

आता भाड्याकडे येऊ. दलाल भाव सांगतो तो सुपर बिल्ट-अप फुटाचा. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, भिंती यांचा वाटा धरलेला असतो. बसायला मिळतो तो कारपेट एरिया. विक्रीच्या व्यवहारात रेरा कायद्याने कारपेटवर भाव सांगणे बंधनकारक केले आहे व महाराष्ट्रात तो १ मे २०१७ पासून लागू आहे. भाड्याच्या व्यवहारात मात्र जुनीच पद्धत चालू आहे.

समजण्यासाठी काही आकडे मानून हिशेब करू.

सांगितलेली जागा : १,००० फूट. प्रत्यक्ष कारपेट ६० टक्के : ६०० फूट.
भाडे १२० रुपये फूट : दरमहा १,२०,००० रुपये.
मेन्टेनन्स १५ रुपये फूट : १५,००० रुपये.
एकूण : १,३५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी : २४,३०० रुपये.
दरमहा द्यावयाची रक्कम : १,५९,३०० रुपये.

ही रक्कम ६०० फुटांनी भागा. कारपेट फुटाला २६५ रुपये ५० पैसे पडले. ऐकले होते १२०. दलाल खोटे बोलला नाही, आपण विचारले नाही. म्हणून जागा पाहायला जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी. कापडवाल्याला गज मोजण्याची लाज नाही, मग फूट मोजण्याची का असावी?

जीएसटी परत मिळतो म्हणून अनेक जण त्याचा विचार करीत नाहीत. येथेही कापडवाल्याने सावध असावे. आपण कापडावर ५ टक्के घेतो व खरेदीवर ५ टक्के भरतो, म्हणजे सरकारला देणे निघते ते आपल्या नफ्यावरच्या ५ टक्क्यांचे. वरील भाड्याचे २४,३०० रुपये पूर्ण वळते व्हायचे तर महिन्याला ४,८६,००० रुपये ढोबळ नफा पाहिजे. सहा टक्के नफ्याने धंदा करणाऱ्याला त्यासाठी महिन्याला ८१ लाखांची विक्री लागेल. तेवढी विक्री नसेल तर उरलेली रक्कम खात्यावर जमा दिसत राहते, रोख परत मिळत नाही. कंपोझिशनमध्ये असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला तर काहीच वळते होत नाही, त्याच्यासाठी तो सरळ खर्च आहे.

आणखी एक बाब. १० ऑक्टोबर २०२४ पासून, जागामालक जीएसटीत नोंदलेला नसला आणि भाडेकरू नोंदलेला असला, तर ऑफिस किंवा दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः भरावयाचा आहे. कंपोझिशनवाल्यांना १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळले आहे. "मालक जीएसटी लावत नाही" म्हणून खूश होणाऱ्या बांधवांनी आपल्या हिशेबनिसाला आजच विचारावे. भाडे महिन्याला ५० हजारांच्या वर गेले तर मूळातून आयकर कापण्याचीही जबाबदारी येते.

आता शेवटचा आकडा. जीएसटी बाजूला ठेवला तरी १,३५,००० रुपये सहा टक्के नफ्यातून काढायचे तर महिन्याला साडेबावीस लाखांची जादा विक्री पाहिजे. नव्या ऑफिसमुळे तेवढी विक्री वाढेल काय? याचे उत्तर कागदावर लिहून काढता आले नाही तर ऑफिस ही शान आहे, तिजारत नाही.

पागडीची जागा सोडण्याची घाई नको

अनेकांचा विचार असा असतो की बाजारातली पागडीची जागा काढून टाकावी आणि त्या पैशांतून उपनगरात बसावे. १९४७ च्या भाडेकायद्यामुळे जुनी भाडी गोठली आणि पागडी वाढली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्याने पागडीच्या रकमेला कायद्यात जागा दिली. भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ होते, इतकेच. उलट लीव्ह अँड लायसन्सच्या जागेत मुदत संपली की आपला काहीही हक्क राहत नाही. पागडी विकताना मालकही आपला वाटा मागतो, प्रथेप्रमाणे तो साधारण तिसरा हिस्सा असतो. म्हणजे हातात येणारी रक्कम समजतो त्यापेक्षा कमी असते.

शिवाय जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास चालू आहे. भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर समूह विकास हाती घेण्यात आला व पात्र दुकानदारांना नव्या जागा मालकीने देण्याची योजना आहे. आज मोडकी दिसणारी जागा उद्या मुलांच्या कामी येऊ शकते.

पागडीच्या शरई बाजूबद्दल बांधव विचारतात. जेद्दाहच्या इस्लामिक फिकह अकादमीने १९८८ साली याबाबत ठराव केला आहे व त्यात कराराची मुदत चालू आहे की संपली आहे, यावर फरक केला आहे. तेव्हा ऐकीव गोष्टीवर न जाता आपले कागद घेऊन जाणकार उलमांकडे जावे.

हेवी डिपॉझिटचा मोह

मुंबईत एक पद्धत चालते. मालकाला मोठी रक्कम डिपॉझिट म्हणून द्यायची आणि भाडे नाही किंवा नाममात्र द्यायचे. मुदत संपली की रक्कम पूर्ण परत. वरून पाहता दोघांचाही फायदा. पण विचार करा, ही रक्कम मालक वापरतो, म्हणजे ते कर्ज झाले. त्या कर्जाच्या बदल्यात आपल्याला फुकट जागा मिळाली. कर्जावर मिळालेला असा लाभ व्याजाच्या हुकुमात येतो, असे अनेक उलमांचे मत आहे. दुनियेच्या हिशेबानेही यात धोका आहे. मालकाने ती रक्कम दुसऱ्या धंद्यात बुडवली तर आपण वसूल कशातून करणार? योग्य भाडे द्यावे, तीन ते सहा महिन्यांची अनामत द्यावी, आणि रात्री शांत झोपावे.

बँकेच्या कर्जाने ऑफिस विकत घेण्याबाबतही हेच. व्याजाचा प्रश्न तर आहेच, पण मंदीत ऑफिस रिकामे राहते आणि हप्ता मात्र थांबत नाही. ज्यांना मालकीची जागा पाहिजेच त्यांनी दोन-तीन भावंडांनी किंवा भागीदारांनी मिळून घ्यावी, हिस्से लेखी ठरवावेत, आणि एकाने हळूहळू दुसऱ्याचे हिस्से विकत घ्यावेत. हा मार्ग सबुरीचा आहे, पण हलाल आहे.

करारनामा वाचल्याशिवाय सही नको

पवित्र कुरआनमध्ये सूरह अल-बकराहच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा हुकूम आला आहे. आम्ही ती आयत वाचतो, आणि व्यवहार मात्र तोंडी करतो किंवा न वाचता सही करतो.

माझेच सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुलाच्या आग्रहाने पश्चिम उपनगरात एक ऑफिस घेतले. भाडे ६५ हजार, अनामत सहा महिन्यांची, फर्निचरवर आठ लाख. करार इंग्रजीत तीस पानांचा होता. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले. दलाल म्हणाला, "शेठ, सगळे छापील असते." मी सही केली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, धंदा बंद झाला. जागा सोडतो म्हटले तेव्हा कळले की ३६ महिन्यांचा लॉक-इन आहे आणि तो फक्त माझ्यावर आहे, मालकावर नाही. सोळा महिने बाकी, म्हणजे १० लाख ४० हजार. सहा महिने बंद ऑफिसचे भाडे भरले. शेवटी विनवण्या करून सप्टेंबरमध्ये सुटका झाली, पण अनामतीचे ३ लाख ९० हजार गेले आणि फर्निचर भंगारात गेले. मालकाने कराराबाहेर काही केले नाही. चूक माझी होती. पाच हजार रुपये देऊन वकिलाकडून करार वाचून घेतला असता तर हे टळले असते. जुनी पेढी सोडली नव्हती म्हणून घर चालले, ही अल्लाहची मेहरबानी.

म्हणून सही करण्यापूर्वी खालील मुद्दे पाहावेत :

१) लॉक-इन किती महिन्यांचा व कोणावर? तो दोघांवर सारखा असावा. आपल्यावर एक वर्षाहून अधिक मान्य करू नये.

२) महामारी, आग, पूर किंवा सरकारी हुकमाने जागा बंद राहिली तर भाड्याचे काय? हे स्पष्ट लिहून घ्यावे.

३) भाडेवाढ कशी? तीन वर्षांनी १५ टक्के आणि दरवर्षी ५ टक्के हे सारखेच वाटते, पण सारखे नाही. वरील १,२०,००० च्या भाड्यावर दरवर्षीच्या वाढीने पहिल्या तीन वर्षांत २,१९,६०० रुपये जादा जातात.

४) फर्निचरचे काम चालू असताना एक-दोन महिने भाडेमाफी मागावी. रिकाम्या इमारतीत ती मिळते.

५) अनामत जागा सोडल्यापासून किती दिवसांत परत मिळणार व कशाची कपात होणार?

६) करार नोंदणीकृत असावा. नोंदणी करून देणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. मुद्रांक शुल्क फार नाही. वरील उदाहरणात तीन वर्षांचे भाडे ४३,२०,००० आणि ७,२०,००० च्या अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेले तीन वर्षांचे २,१६,०००, एकूण ४५,३६,००० वर पाव टक्का म्हणजे ११,३४० रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये.

७) मालकाकडे इमारतीचा भोगवटा दाखला आहे काय? जागा ऑफिससाठी मंजूर आहे की कारखान्यासाठी? चुकीच्या वापराची नोटीस प्रथम भाडेकरूच्या दारावर लागते.

कारागीर बांधवांसाठी

या बाजाराचा फटका सर्वांत आधी बसतो तो गाळ्यात काम करणाऱ्या कारागिरांना. साकीनाका, कुर्ला, मरोळ येथे जरी, बॅगा, एम्ब्रॉयडरी, शिलाईचे छोटे कारखाने गाळ्यांत चालतात. शेजारी काचेची इमारत उभी राहिली की गाळामालकाला ऑफिसचे भाडे दिसू लागते. आणि आपला कारखानदार पंधरा वर्षे तोंडी बोलीवर बसलेला असतो, ना करार, ना पावती. महिनाभरात जागा खाली करण्याची पाळी येते, आणि त्याच्याबरोबर दहा-बारा कारागिरांची रोजी जाते.

अशा बांधवांनी आजपासून तीन गोष्टी कराव्यात. भाडे रोख न देता बँकेतून द्यावे, म्हणजे पुरावा राहतो. गुमास्ता लायसन्स व वीजबिल यांचे कागद जपून ठेवावेत. आणि मालकाशी संबंध चांगले असतानाच तीन वर्षांचा नोंदणीकृत करार मागावा, भांडण झाल्यावर नव्हे. जे स्वतः गाळ्यांचे मालक आहेत त्यांनाही विनंती आहे. भाडे वाढवण्याचा हक्क आपला आहे, पण ज्याने पंधरा वर्षे वेळेवर भाडे दिले त्याला दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांची सवड देणे हे आपल्या दीनचे शिक्षण आहे.

शेवटचे मागणे

उपनगरात जाऊ नये, असे या लेखाचे म्हणणे नाही. काळ बदलतो, बाजार सरकतो, आणि जो वेळेवर उठत नाही तो मागे राहतो. पण उठण्यापूर्वी गिऱ्हाईक कोठे आहे ते पाहावे, कारपेट फुटाचा खर्च काढावा, करार जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि घरच्यांशी व अनुभवी व्यापाऱ्यांशी मशवरा करावा. पहिले वर्ष जुनी पेढी चालू ठेवून, एक-दोन टेबलांची छोटी जागा घेऊन पाहावे. जमले तर मोठी घ्यावी, न जमले तर नुकसान थोडक्यात आटोपते. हिशेब चोख आणि कमाई हलाल असेल तर छोट्या गद्दीतही बरकत आहे. अल्लाह आम्हा सर्वांना समजून व्यवहार करण्याची तौफिक देवो. आमीन.